लाल ठिपक्यांचे शिंपले

लेकीने नेलपॉलिशची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मी हिर्डोशीच्या नदीत गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिले. संशोधनाच्या दिवसांत, महिन्याने पुन्हा मोजता यावेत म्हणून तिथल्या शिंपल्यांवर मी नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले होते. महिन्याने गेले, तर एकही सापडेना. शिंपल्यांच्या जागा मला दाखवणाऱ्या हौसाबाई म्हणाल्या, "लाल लावलंस, म्हंजी देवाला सोडलेस न्हवं? कुणी खाऊ न्हाई म्हून आमी समदे देवाच्या डोहात नेऊन ठेवले."

त्या डोहात हात घालायची कुणालाच मुभा नव्हती. मी वहीत 'शून्य' लिहिलं, आणि शिंपले तर चार पावलांवर जिवंत होते. तेव्हा चूक गावकऱ्यांची वाटली, आता वाटत नाही. पण मग वहीत काय लिहायला हवं होतं?