अक्कांचा तिसरा भाग

आखाजीच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात जळगावच्या एका वाचनालयात मी चक्क भांडले. साल छप्पन की सत्तावन, नक्की आठवत नाही... भांडण मात्र शब्दन्‌शब्द आठवतं.

एका घराण्याच्या सात पिढ्यांची कादंबरी होती, तीन भागांची. पहिले दोन भाग वाचून परत केले, तर तिसरा त्यांच्याकडे नाहीच! ग्रंथपाल अगदी थंडपणे म्हणाले, दोन झाले ना वाचून, आता दुसरं काहीतरी न्या. अर्ध्या ताटावरून कुणी माणसाला उठवतं का हो?

तसा मला अशा कादंबऱ्यांचा नादच होता. खापरपणजोबापासून पणतूपर्यंत, मोगलाईपासून इंग्रजांपर्यंत... जाड पुस्तक दिसलं की आधी आत वंशवेल छापलीय का ते बघायचे. पण या वेळी घाई माझी नव्हती, अक्कांची होती.

अक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि त्या जळगावजवळच्या असोद्याला माहेरी परत आल्या. मूलबाळ नाही, अक्षरओळख नाही.

मी लग्न होऊन आले आणि दुपारी त्यांना वाचून दाखवायला लागले. वातींसाठी कापसातली सरकी काढता काढता त्या ऐकायच्या. कादंबरीत कुणी जन्मलं की एक सरकी पुढच्या ओळीत मांडायच्या, मेलं की उचलून बाजूला. कोण कुणाचा चुलता हे मी विसरायचे, अक्का कधीच नाही.

दुसऱ्या भागाच्या शेवटी त्या घराण्यात एकच मुलगी उरते. अक्का समोरच्या त्या एकट्या सरकीकडे बघत बसल्या. "माह्यं घर तं माह्यापाशीच सरलं," त्या म्हणाल्या. "त्यायचं तरी पुढे चालते का, तेवढं आयकू दे मले."

त्यांचे कान दिवसेंदिवस जात होते. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, वर्षभरात काहीच ऐकू येणार नाही. आता सांगा, "दुसरं काहीतरी न्या" हे मी कसं ऐकून घेणार?

धुळ्याला माझे मामा होते, त्यांना पत्र टाकलं. उत्तर आलं की तिथल्या वाचनालयात तिसरा भाग आहे, पण सोनगीरच्या एका रिटायर झालेल्या गुरुजींनी तो नेलाय. सासूबाई म्हणाल्या, पुस्तकासाठी कुणी धुळ्याला जातं का... म्हटलं, मी जाते. आणि एसटीत बसले.

मामांना घेऊन सोनगीर गाठलं. गुरुजींची तऱ्हा आणखीच वेगळी... त्यांना फक्त तिसराच भाग मिळाला होता! चारदा वाचूनही त्यातली माणसं सारखी कुणाची आठवण काढतात तेच त्यांना कळत नव्हतं.

"पहिला दोन भाग मन्हा हातमा उनाच नहीत," ते म्हणाले. "बस बेटा, बठ्ठं सांग. मंग पुस्तक लई जा."

पहिल्या दोन भागांची सगळी गोष्ट मी सांगत बसले. मामांच्या दोन डुलक्या झाल्या, तीनदा चहा झाला. मधेच गुरुजी मांडीवर थाप मारायचे, "अच्छा, म्हणून ती त्या घरी पाणीसुद्धा पीत नाही!" शेवटी पुस्तक तर दिलंच, वर दर पंधरवड्याला धुळ्याला जाऊन मुदत वाढवून घ्यायचंही स्वतःच कबूल केलं.

परतीच्या एसटीत मला राहवलं नाही, शेवटचं पान उघडलं. ती एकटी उरलेली मुलगी म्हातारी होऊन मरते... मागे कुणीच नाही. पुस्तक मिटून पिशवीत तळाशी टाकलं.

घरी आल्यावर अक्कांच्या कानाशी ओरडून वाचायला लागले. तीन दिवसांत माझा घसा बसला आणि त्यांना चारातला एकही शब्द कळेना. मनात आलं, शेवट बदलूनच सांगावा. कुणाला कळणार आहे?

त्याच दिवशी अक्कांनी पुस्तकावर हात ठेवला. "ओरडू नको. मले वाचाले शिकव."

साठीला आलेली बाई! आयुष्यभर शेतात निंदणी-खुरपणी केलेल्या त्या हातात पाटीवरच्या पेन्सिली कटाकट मोडायच्या. जोडाक्षरांवर तर त्यांचा भारी राग, "हे दोन अक्षरं एकमेकाच्या उरावर काहाले बसले?" पण एक दिवस चुकवला नाही... शेतातून आल्या की हातपाय धुऊन पाटी घेऊन समोर हजर. पाऊस सरला, दिवाळी झाली, कान पूर्ण गेले, तिकडे गुरुजी धुळ्याच्या खेपा घालतच होते.

संक्रांतीच्या सुमारास अक्का शेवटच्या पानावर आल्या. एकेका शब्दाखाली बोट ठेवत, ओठ हलवत, त्या एका पानाला त्यांनी अख्खी दुपार लावली. मी समोर जीव मुठीत धरून बसले होते.

वाचून झालं तरी बोट शेवटच्या ओळीखालीच होतं. "कोनीच नही राह्यलं," त्या म्हणाल्या. मला रडूच फुटलं.

अक्का मात्र रडल्या नाहीत. त्यांनी पुस्तक पदराने पुसलं, मिटलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पन ते कोन व्हते, हे मले मालूम झालं ना? मंग सरले कसे?"

 मी वाकून त्यांच्या पाया पडले.

आज त्यांना ओळखणारी मी एकटीच उरलेय. म्हणून हे लिहिलं. अक्कांचं नाव यमुना होतं... इथपर्यंत वाचलंत, तुमचे मनापासून आभार.