दर फ्लॅटमागे चार पाहुणे

मुलुंडच्या या टॉवरमध्ये घर घेतलं तेव्हा त्याचं ब्रोशर मी कितीतरी दिवस जपून ठेवलं होतं. शेवटच्या दोन पानांवर अमेनिटीजची यादी होती. पोहण्याचा तलाव, जिम, मिनी थिएटर, योगा डेक, कुत्र्यांना फिरवायला वेगळी बाग, आणि ज्येष्ठांसाठी गोल खड्यांची पायवाट. त्या पायवाटेवरून आई पहिल्यांदा चालली आणि म्हणाली, "दगडांवरसून चालूक एवढ्या खाली येवचा लागता होय?" मी हसले, पण मला त्या यादीचा अभिमान होता. मी घाटकोपरच्या डोंगरावर, बैठ्या चाळीत वाढलेली. बाबांची गिरणी बंद पडल्यावर आईने डोंगराखालच्या सोसायट्यांमध्ये भांडी घासली, त्यावर मी शिकले आणि पुढे विमा कंपनीत लागले. चौदाव्या मजल्यावरचं घर म्हणजे आम्हा दोघींनी मारलेली बाजी होती.

आमच्याकडे पोळ्या करायला भांडुपहून एक ताई येतात. माझ्याच वयाच्या. याच टॉवरमध्ये त्यांची चार घरं आहेत, आमचं पहिलं. मी घरूनच काम करते, त्यामुळे त्यांची-माझी रोज भेट. एका मे महिन्यातली गोष्ट. ओट्यापाशी उभं राहवत नव्हतं, ताईंच्या मानेवरून घाम गळत होता. मी विचारलं, "चहा ठेवू?"

"नको."

"मग सरबत? पाणी तरी घ्या."

"नको ताई, अजून तीन घरं आहेत."

मला वाटलं, त्यांना उशीर होतोय. त्या गेल्यावर आई सोफ्यावरूनच म्हणाली, "ती पाणी पिवची नाय. पाणी प्याली तर जातली खंय?"

म्हणजे लघवीला कुठे जाणार. आई पुढे बोलत राहिली, टीव्हीकडे बघत. "मियां तां सोळा वर्सां केलंय. सकाळी चाय घेतलंय की मगे घराक येयसर काय नाय." तिला सारखी लघवीची जळजळ व्हायची, ती धने भिजवून पाणी प्यायची, हे मला आठवत होतं. उष्णता झाली, असं म्हणायचो आम्ही. सोळा वर्षं आम्ही तेच म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या आल्या मी म्हटलं, "आमचं बाथरूम वापरत जा. विचारायचं नाही." त्या यायला लागल्यापासून तीन वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं, आणि ते त्यांना माहीत होतं. त्यांनी कणीक मळता मळता माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्याकडे जाईन मी. बाकीच्या बायकांचं काय?"

बाकीच्या बायका म्हणजे दोन्ही विंग धरून साठेक तरी. कोणी घरी जाईपर्यंत कळ काढायची, कोणी मार्केटच्या मागच्या सार्वजनिक संडासापर्यंत चालत जायची. बेसमेंटमध्ये एक संडास होता, तो गार्ड वापरत, आणि त्याच्या दाराला कडी नव्हती.

घराच्या कागदपत्रांत पोडियमचा, म्हणजे क्लबहाउस आणि तलाव असलेल्या मजल्याचा, नकाशा होता, तो मी काढला. क्लबहाउसच्या मागे लहान अक्षरांत लिहिलेलं होतं, 'स्टाफ टॉयलेट, महिला.' खाली जाऊन पाहिलं तर दाराला कुलूप. मॅनेजरने उघडून दाखवलं. आत गणपतीची थर्माकोलची मखरं, दिव्यांच्या माळा, मोडकी ट्रेडमिल आणि घडी घातलेलं ख्रिसमसचं झाड. संडासाच्या भांड्यावर खोक्यांची चळत लावलेली.

मी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटले. सभ्य गृहस्थ, स्वतःची फर्म आहे, बोलणं मऊ. ते म्हणाले, "मॅडम, तुमची भावना समजते. पण सामान ठेवायला दुसरी जागा नाही. आणि अमेनिटीज शेवटी रहिवाशांसाठी असतात. एकदा उघडलं की हायजीनचा प्रश्न येतो."

मी "बरं" म्हणून निघाले आणि लिफ्टमध्ये स्वतःवरच चिडले. हायजीनचा प्रश्न. यांच्या घरच्या पोळ्या कोण लाटतं?

लिफ्टच्या आरशाशेजारी क्लबहाउसचे नियम चिकटवलेले आहेत. चौदा मजले जाईपर्यंत वाचायला दुसरं काही नसतं. सातवा नियम असा होता की, दर फ्लॅटमागे रोज चार पाहुण्यांना प्रवेश, सभासद सोबत असणे आवश्यक. मी तो दोनदा वाचला. पाहुणा म्हणजे कोण, हे कुठेच लिहिलं नव्हतं. माझं आयुष्य विम्याच्या अटी वाचण्यात गेलंय. जे लिहिलेलं नाही ते माझ्या बाजूचं आहे, हे मला लगेच कळलं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला मी लॅपटॉप घेऊन क्लबहाउसच्या दारात गेले. बरोबर ताई आणि आणखी तीन बायका. गार्डसमोरच्या वहीत मी चौघींची नावं लिहिली. नात्याच्या रकान्यात लिहिलं, पाहुण्या.

गार्ड हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, माझी नोकरी जाईल."

"अक्षर माझं आहे, सही माझी आहे. कोणी विचारलं तर वही पुढे करा."

त्याने दार उघडलं. बायकांनी चपला बाहेर काढल्या. मी म्हटलं, काढू नका, इथे कोणीच काढत नाही. तरी दोघींनी काढल्याच. आतल्या बाथरूममध्ये संगमरवरी बेसिन, पांढरे रुमाल, मोगऱ्याचा वास येणारा साबण. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर मावशी बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केस पुन्हा नीट बांधलेले होते. कोपऱ्यातल्या कूलरमधून त्यांनी ग्लास भरला आणि उभ्या उभ्याच संपवला. मग दुसरा भरला.

रोज साडेअकरा, रोज चार बायका. मी कोचावर बसून ईमेल लिहायची. आठवड्याभरात सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुरू झालं. 'उद्या पूलमध्ये पण उतरवणार का?' 'काही लोकांना टॉवरमध्ये राहायची सवय नसते.' हे दुसरं वाक्य कोणासाठी होतं ते सगळ्यांना कळलं. नवरा जेवताना म्हणाला, "तू बरोबर आहेस, मान्य. पण आपल्याला इथेच राहायचंय ना. लिफ्टमध्ये लोक माझ्याशी बोलत नाहीत."

"मग जिन्याने जा," मी म्हटलं. तो दोन दिवस माझ्याशीही बोलला नाही.

नोटीस आली. अतिथी सुविधेचा गैरवापर. मी नकाशाची झेरॉक्स जोडून उत्तर दिलं, पोच घेतली. मग नवा नियम लागला, पाहुण्यांसाठी एक दिवस आधी लेखी अर्ज. मी तीस अर्ज एकदम छापले, सह्या केल्या आणि गठ्ठा मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. त्याच सुमारास सातव्या मजल्यावरचे निवृत्त आजोबा, जे कधी कोणाशी बोलत नाहीत, पेपर घेऊन खाली आले आणि वहीत त्यांचे चार पाहुणे लिहिले. दोन दिवसांनी ए विंगमधली एक तरुण डॉक्टर आली. आता रोज बारा बायका जाऊ लागल्या.

आणि मग त्या वयस्कर मावशींचं एक घर गेलं. ज्यांच्याकडे त्या भांडी घासत, त्या बाईंनी सांगितलं, क्लबात जाणारी आम्हाला नको. मावशी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"ताई, तुमचं भांडण तुमच्यापाशी. माझं काम गेलं. तुम्हाला कोण काढणार आहे?"

खरंच होतं ते. मला कोणीही काढू शकत नव्हतं. मी घर विकत घेतलं होतं, त्याच जोरावर नाचत होते. त्या दिवशी मी खाली गेले नाही. आईने विचारलं, मी म्हटलं, डोकं दुखतंय. आई म्हणाली, "डोक्याक काय झाला नाय तुझ्या. भियालंस."

पण ताईंनी तोवर वेगळंच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या कणकेची परात तशीच झाकून ठेवत म्हणाल्या, "आज साडेअकराला सगळ्या जाणार आहोत. चार नाही, सगळ्या. एकीला काढता येतं. साठजणींना काढलं तर जेवणार काय हे?" मी बरोबर येते म्हटलं तर म्हणाल्या, "या, पण पुढे राहू नका. मागे बसा."

साडेअकराला सगळ्या मजल्यांवरून बायका उतरल्या. सर्व्हिस लिफ्टमधून, रहिवाशांच्या लिफ्टमधून, जिन्यावरून. कोणाच्या हाताला पीठ, कोणाच्या हाताला साबण. क्लबहाउसच्या पायऱ्यांवर बसल्या. घोषणा नाही, काही नाही. नुसत्या बसल्या. मी मागच्या पायरीवर, माझ्या शेजारी आई. मॅनेजर दोनदा येऊन गेला. वरून फोन वाजायला लागले, की कुकरचा गॅस कोणी बंद करायचा, बाळाला कोण घेणार. ताई एकेकीला सांगत होत्या, उचलू नको. पाऊण तासाने सेक्रेटरी आले.

ते माझ्याकडे बघून बोलायला लागले. मी ताईंकडे बोट दाखवलं.

ताई उभ्या राहिल्या. "साहेब, संडास आहे. कुलूप काढा. आम्ही लगेच वर जातो, तुमच्या आमटीला फोडणी घालायची आहे."

कोणीतरी हसलं. सेक्रेटरी हसले नाहीत. ते म्हणाले, कमिटीपुढे ठेवतो. ताई म्हणाल्या, "ठेवा," आणि परत खाली बसल्या.

कुलूप त्याच दुपारी निघालं. मखरं आणि ट्रेडमिल बेसमेंटमध्ये गेली, तिथे आधीपासूनच भरपूर जागा होती. दाराला आतून कडी लागली, बल्ब लागला, नळाला पाणी आलं. कचऱ्याचा झाकणाचा डबा डॉक्टरने आणला. बाहेर कोणी बोर्ड लावला नाही, आणि लावायची गरजही नव्हती.

सगळं काही गोड झालं नाही. मावशींचं ते घर परत मिळालं नाही. त्यांना ए विंगमध्ये दुसरं मिळालं, पण मध्ये तीन आठवडे गेले आणि माझ्याशी त्या अजून तुटकच बोलतात. सेक्रेटरी लिफ्टमध्ये माझ्याकडे न बघता मोबाइल बघतात. क्लबहाउसच्या नियमांत पाहुण्याची व्याख्या आली आहे, चांगली पाच ओळींची. नवरा मात्र आता लोकांना स्वतःच ही गोष्ट सांगतो, आणि त्यात तोही पायऱ्यांवर बसलेला असतो. मी त्याला अडवत नाही.

गेल्या महिन्यात कमिटीने ठरवलं की रविवारी सफाई कामगार नसतो, म्हणून ते दार रविवारी बंद राहील. रविवारी काय बायका येत नाहीत? रविवारी तर घरोघरी पाहुणे असतात, भांडी दुप्पट असतात. शनिवारी मॅनेजर कुलूप लावायला आला तेव्हा मी तिथेच होते. मी चावी बघायला मागितली, त्याने दिली, मी पर्समध्ये टाकली; दार रविवारीही उघडंच राहिलं. त्याने आतापर्यंत तीनदा मागितली आहे, एकदा लेखी. मी लेखी कळवलं आहे की ती देणार नाही.