शाळूचा केक

उंब्रजला माझ्या सासरी जी ज्वारी म्हशीला घालतात, तीच जतला माझ्या माहेरी आम्ही आधी देवापुढे ठेवतो आणि मग खातो. सासरचं रान उसाचं, त्यामुळे घरात दोन्ही वेळेला गव्हाची चपाती. अण्णा, म्हणजे माझे वडील, दर वर्षी आपल्या कोरडवाहू रानातल्या शाळूचं, म्हणजे रब्बीच्या ज्वारीचं, एक पोतं एसटीत घालून माझ्याकडे आणतात. गेल्या वर्षी ते हात धुवायला गोठ्याकडे गेले आणि म्हशीच्या घमेल्यात त्यांना आपलीच ज्वारी दिसली. घरात येऊन त्यांनी मुकाट्यानं चहा घेतला. मला मात्र ते वर्षभर सलत राहिलं.

यंदाचं पोतं आलं तेव्हाच मी ठरवलं, यातला एक दाणा गोठ्यात जाऊ द्यायचा नाही. भाकरी केली की सासूबाईंचे दात दुखतात. केक खाताना कुणाचेच दुखत नाहीत. म्हटलं, मग केकच करते.

रविवारी अण्णा येणार होते. सोमवारी त्यांना कराडला डोळे दाखवायचे होते. शनिवारी मी मिलिटरी कँटीनचा ओव्हन काढला. तो नवऱ्यानं मागच्या सुट्टीत आणलेला. मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ लावून डब्यातल्या ज्वारीच्या पिठाचा केक केला. सुरी लावली तर सगळा भुगा झाला.

"आगं, भाकरीच्या पिठाचा कुटं केक व्हतो व्हय? म्हशीला घाल," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या हातातलं भांडं घेऊन स्वतःच घालून आल्या. मला इतका राग आला की दुपारी मी जेवलेच नाही.

राग ओसरल्यावर डोकं चालायला लागलं. डब्यातलं पीठ महिन्याभरापूर्वीचं होतं. दळून ठेवलेल्या ज्वारीची विरी जाते, तिचा चिकटपणा उरत नाही, मग भाकरी थापताना चिरते. हे आमच्याकडे दहा वर्षांच्या पोरीलाही कळतं. पीठ ताजं दळायचं आणि उकळत्या पाण्यानं भिजवायचं, हे आईनं मला परातीपुढे बसवून शिकवलेलं. व्हिडिओतल्या बाईनं जन्मात भाकरी थापली नसावी. मी थापली होती आणि तरी तिचं ऐकत बसले.

रविवारी सकाळी पोत्यातला शाळू गिरणीतून बारीक दळून आणला. पाण्यात गूळ घालून उकळी आणली, ते पाणी पिठावर ओतलं आणि झाकून ठेवलं. निवल्यावर अंडी, दही, तेल, सोडा. केक फुगला. वर मधोमध तडा गेला, पण आमच्या रानालाही जातो. मग गोठ्यात जाऊन घमेलं घासून काढलं आणि म्हशीला पेंड घातली.

अण्णा दुपारी आले. मी तिघांच्या ताटल्या भरल्या. त्यांनी केकला हात लावला नाही. "हात धुऊन येतो," म्हणाले आणि बेसिन सोडून गोठ्याकडे गेले.

सासूबाईंनी तेवढ्यात तुकडा तोंडात टाकला. "लय मऊ झालाय की. मैदा आणलास?"

"शाळू हाय, आत्याबाई. अण्णांच्या रानातला."

सासूबाईंनी ताटलीतला केक बोटानं दाबून पाहिला. मग म्हणाल्या, "गूळ आमचा हाय, म्हणून चव आलीया." आणि दुसरा तुकडा उचलला.

अण्णा धोतराला हात पुसत दारात आले. "घमेल्यात पेंड हाय," हळूच म्हणाले.

"व्हय. आन् हितनं म्होरं पेंडच असंल," मी म्हणाले. सासूबाईंना ऐकू जाईल असं म्हणाले.

अण्णा आत येऊन ताटलीपुढे बसले. खाली मान घालून केक खाऊ लागले. लेकीच्या घरी त्यांनी आजवर कधी काही मागून घेतलं नव्हतं. तुकडा संपला आणि त्यांनी रिकामी ताटली माझ्यापुढे धरली.