पाठीनं टीव्ही बघणारी मामी

मामी टीव्हीकडे पाठ करून बसायची. हमरापूरच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात टीव्ही भिंतीवरच्या फळीवर होता आणि मामी बरोबर त्याच्या खाली, तोंड दाराकडे, मूर्ती समोर. नात्यानं कुणाची नाही, पण सगळे तिला मामीच म्हणायचे. तिचं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं. मूर्ती घडवणारे आमच्याकडे घरोघर आहेत, पण डोळ्यांत जीव आणणारा हात क्वचित कुणाचा. मामीचा तसा होता. आज तिचं नाव काढलं तर त्या हाताबद्दल कुणी बोलत नाही. "ती फ्रेंचवाली ना? गिऱ्हाईकं फोडायची," म्हणतात. हे लोकांना मी सांगितलं आहे. ते खरं नाही.

आखणी चालू असताना बोलायचं नाही, असा कारखान्याचा दंडक. शेजारी कुणी हसलं तरी बुबुळ वाकडं जातं, आणि वाकड्या डोळ्यांचा देव घरी कोण नेणार? पण टीव्ही बंद ठेवला तर बायका पेंगायच्या आणि मराठी मालिका लावली तर ब्रश हातात धरून वर बघत राहायच्या. एक दिवस मामीनं रिमोट मागून घेतला आणि केबलच्या शेवटाला कुठेतरी पडलेली एक फ्रेंच वाहिनी लावली. म्हणाली, "कळायचं नाय, म्हणून कोण बघायचं नाय. आवाज तेवढा सोबतीला." युक्ती लागू पडली. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. कान फक्त मामीचे उघडे होते, हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला.

ती रोह्याजवळच्या अष्टमीहून एसटीनं यायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. घरी गेली की तीच वाहिनी लावायची आणि तिथं मात्र समोर बसून बघायची. तिकडे एक बाई स्वयंपाक करून दाखवायची. "ती जे हातात धरते त्याचं नाव घेते. कांदा धरला की कांदा, सुरी धरली की सुरी. मग सकाळी कारखान्यात तेच शब्द ऐकू आले की डोळ्यासमोर कांदा येतो. शिकायचं काय त्यात?" असं ती सांगायची. बातम्यांतलं हवामान तिला सगळ्यांत आधी कळू लागलं. जेवणाच्या सुट्टीत एकदम म्हणायची, "तिकडं आज बर्फ पडलाय." एक रंगारीण तिला चिडवायची, "काय गो मामी, तिकडचा नवरा बघितलास काय?" मामी डबा उघडत म्हणायची, "व्हय, बघितलाय. तुझ्या नवऱ्यासारखा घोरत नाय, एवढंच."

सगळे हसायचे. मी हसत नव्हतो. पन्नाशी उलटलेली बाई उगाच परकी भाषा शिकेल? आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक मॉरिशसचं. नाव मराठी, देवही आपलेच, पण चार पिढ्या तिकडे गेल्यामुळे घरात फ्रेंच बोलायचे. माझ्याशी मोडकं हिंदी. माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टींची गाठ पडली आणि ती काही सुटेना. केबलवाल्याला सांगून मी ती वाहिनी बंद करायला लावली. मामी एवढंच म्हणाली, "घरी दिसते, शेट."

त्या वर्षी ते मॉरिशसचे गृहस्थ बायकोला घेऊन आले. बाईंचे पाय गेले होते. त्या चाकांच्या खुर्चीत. तयार मूर्तींच्या रांगेसमोरून त्यांची खुर्ची हळूहळू गेली. शेवटी त्या नवऱ्याला हलक्या आवाजात काहीतरी म्हणाल्या. मामीचा ब्रश थांबला. तिनं वळून बाईंना दोन शब्द सांगितले, फ्रेंचमध्ये. बाईंनी तिचा रंगानं भरलेला हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. जाताना गृहस्थांनी माझ्याकडे मामीचा फोन नंबर मागितला. मी म्हणालो, तिच्याकडे फोन नाही.

त्यांची मूर्ती तयार झाली तेव्हा डोळे नेहमीपेक्षा वेगळे दिसले. नजर समोर नव्हती, जरा खाली उतरलेली होती. मला न विचारता! यांचं काहीतरी आतून ठरलं आहे, ही त्याची खूण, असं मी धरून चाललो. चतुर्थी झाल्यावर मामीला सांगितलं, पुढच्या वर्षी येऊ नकोस. आणि दुसऱ्या कारखानदारांना, चहा पिता पिता, "हिच्यापासून जपून राहा" म्हणून सांगितलं. तेवढं पुरलं. तिला पुन्हा कुणी मूर्ती दिली नाही. असा हात असलेली बाई अष्टमीत लोकांचे पापड लाटू लागली.

पुढे ते गृहस्थ दरवर्षी फोनवर सांगायचे, "नजर वैसीच रखना." नवा कारागीर तशी काढायचा. कारण मी विचारलं नाही. यंदा फोन आला तो असा : "अब सीधी नजर चलेगी." या वेळी मी का म्हणून विचारलं. बायको गेली होती. त्या दिवशी कारखान्यात ती त्यांना म्हणाली होती, सगळे देव माझ्या डोक्यावरून बघतात. आणि मामीनं तिला सांगितलं होतं, तुमचा बघणार नाही.

दुसऱ्याच दिवशी रोह्याचा पूल ओलांडून अष्टमीत गेलो. दार उघडंच होतं. टीव्हीवर कुणीतरी फ्रेंचमध्ये बोलत होतं. मामीनं बसा म्हटलं नाही.

"काय काम काढलंत, शेट? आधीच सांगते, हात आता थरथरतो."

मी उभ्यानंच सांगू लागलो. काय समजलो होतो, गावात काय बोललो होतो, ते सगळं. मध्येच तोंडून गेलं, "तेव्हाच बोलली असतीस तर?"

"मला विचारलंत कधी? तुम्ही दुनियेला सांगत होतात." मग हात हलवून म्हणाली, "ते राहू द्या. ती खुर्चीतली बाई कशी हाय?"

"गेली. म्हणूनच आलो."

मामीनं टीव्हीचा आवाज बंद केला. भिंतीकडे बघत फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली, सावकाश, एखाद्याशी समोरासमोर बोलावं तसं. मी अर्थ विचारला.

"तिच्यासाठी होतं ते," मामी म्हणाली. "तुमच्यासाठी नाय."