बरणी परत आणू नकोस

उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका कारखान्यात मी जीन्सचे धागे कापायचं काम करत होते. नव्वद सालानंतरची गोष्ट. मालकिणीनं तिथं टीव्ही ठेवला होता. हात चालू ठेवून बघायचा. एका दुपारी अमेरिकेतल्या काळ्या लोकांवरचा, हिंदीत बोलता केलेला सिनेमा लागला. गोरे लोक चाबकानं मारत होते, घरं जाळत होते. आम्ही सात-आठ जणी, मांडीवर पँटींचा ढीग, सगळ्यांचे डोळे भरून आलेले. मी मात्र भलत्याच जागी अडकले. त्यातली एक काळी बाई गोऱ्या मालकाच्या स्वयंपाकघरात पातेलं ढवळत होती. चमच्यानं चव बघत होती.

"हिच्या हातचं जेवतात ते?" मी विचारलं.

शेजारची फस्सकन हसली. "मग काय हवा खाणार? अगं येडे, स्वयंपाकीण आहे ती!"

मी मान खाली घालून पुन्हा कात्री चालवू लागले. पण त्या दिवशी धाग्याबरोबर एका पँटीचं कापडही कापलं गेलं माझ्याकडून.

आधी मीसुद्धा स्वयंपाकीण होते. अंबरनाथला, कंपनीतल्या एका साहेबांच्या बंगल्यात. आणि ते स्वयंपाकघर माझ्या हातून गेलं ते एका सिनेमामुळंच.

आम्ही उस्मानाबादकडचे. सातवीत माझी शाळा सुटली, लग्न झालं, आणि नवऱ्याच्या मागं मी इकडं आले. त्याचं काम हंगामी, ते सुटलं तेव्हा पोर कडेवर होती. साहेबांच्या बाईंनी बंगल्यामागची खोली राहायला दिली आणि वर स्वयंपाकाचं काम दिलं. पोरीला टायफॉइड झाला तेव्हा बाई स्वतः दवाखान्यात माझ्याजवळ बसल्या होत्या, दोन दिवस. हे मी विसरले नाही. विसरणार नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "कुठल्या गं तुम्ही?" प्रश्न गावाचा नव्हता, एवढं मला कळत होतं. मी गावाचंच उत्तर दिलं. "म्हणजे देशावरच्या! भाकरी छान येत असणार," म्हणत त्या हसल्या, आणि काय समजायचं ते त्यांनी आपलं आपण समजून घेतलं. मी खोटं बोलले नाही, खरंही सांगितलं नाही. आमच्याकडं घरोघरी भिंतीवर असतो तो निळ्या कोटातला फोटो मी ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली ठेवला. तीन वर्षं मी त्या घरात पोळ्या केल्या, देवाचा नैवेद्य केला, वर्षाचं लोणचं घातलं. आणि तीन वर्षं रोज सकाळी ओट्याशी उभी राहताना एकच विचार यायचा: आज कळलं तर? खोली गेली तर पोरीला घेऊन जायचं कुठं?

रविवारी संध्याकाळी सगळे हॉलमध्ये सिनेमा बघायचे. साहेब खुर्चीत, बाई आणि कॉलेजात जाणाऱ्या ताई सोफ्यावर, मी स्वयंपाकघराच्या दारात, भाजी निवडत. त्या रविवारचा सिनेमा अस्पृश्यतेवरचा होता. जून महिना, आठवड्यापूर्वीच मी लोणच्याची बरणी भरून फडकं बांधलं होतं.

सिनेमा वाईट होता असं मी म्हणणार नाही. मीही रडले. पण मन सारखं अडखळत होतं. सिनेमातल्या आमच्या बायांच्या लुगड्यांना ठिगळं होती, ती सगळी मापात कापलेली. पाटील लाल डोळ्यांचा, विहिरीवर सारा गाव ओरडतोय. आमच्या गावात कुणी ओरडायचं नाही. पाटलीण पाणी ओतताना आईला विचारायची, "पोरीचा ताप उतरला का गं?" मायेनंच विचारायची. तांब्या तेवढा उंच धरायची.

"शी! कसली माणसं ही," बाईंनी पदरानं डोळे पुसले. "तहानलेल्याला पाणी देईनात!"

"आता कुठं राहिलंय असलं काही," साहेब म्हणाले. "आमच्या कंपनीत बघ, वरचा साहेब त्यांचाच आहे. आम्ही सलाम ठोकतोय."

"बाबा, गप्प बसा ना. ऐकू द्या."

मग तो प्रसंग आला. गावात बैल मरतो. म्हातारा त्याच्या पायाला दोर बांधतो आणि दगडधोंड्यांतून, धुरळ्यातून त्याला एकटा ओढत नेतो. मागं रडकं संगीत. ताई हुंदके देत होत्या. आणि मी, हातात गवारीची शेंग, बोलून गेले:

"असं नाही नेत. फरफटलं की कातडं फाटतं. चारी पाय एकत्र बांधायचे, मधून दांडी घालायची, चौघांनी खांद्यावर उचलायचं."

आमच्या वस्तीकडं गावची मेलेली जनावरं उचलायचं काम होतं. मी सात-आठ वर्षांची असताना वस्तीनं ते सोडलं. त्याआधी माझा आजा करायचा. तो नेटका माणूस होता; दोराची गाठ त्याच्यासारखी कुणाला येत नसे. त्याचं काम असं चुकीचं दाखवलेलं मला बघवलं नाही. एवढंच. तीन वर्षं जपलेलं तोंड एका गाठीपायी उघडलं.

"मावशी, तुम्हाला कसं माहीत?" ताईंनी अगदी सरळ विचारलं.

मी शेंगेची शीर काढत राहिले. साहेबांनी उठून आवाज थोडा वाढवला. पडद्यावर म्हातारा पडला, आणि बाई पुन्हा रडू लागल्या. माझ्याकडं मात्र त्यांनी पाहिलं नाही. मी भाजी फोडणीला टाकू का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, "आज राहू दे. भूकच नाही कुणाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारी गेले. बाई दारातच उभ्या होत्या, न्हालेल्या, चेहरा नेहमीसारखाच हसरा.

"अगं, माझ्या चुलत जाऊबाई यायच्यात राहायला. स्वयंपाकाचं त्या बघतील. तू आता मागचं बघ, धुणं, भांडी, अंगण. खोलीची काळजी करू नकोस हं. खोली तुझीच."

"बरं बाई," मी म्हणाले. आणि खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्या दोन पावलं मागं सरकल्या. "असू दे, असू दे."

नळाजवळ लोणच्याची बरणी ठेवलेली होती. मीच बांधलेलं फडकं, मीच मारलेली गाठ.

"तुम्हाला आवडतं ना लोणचं? घेऊन जा. आमच्याकडं यंदा कुणी खात नाही." मी बरणी उचलली. वळले, तेव्हा मागून म्हणाल्या, "आणि बरणी परत आणू नकोस. राहू दे तुलाच."

चाबूक नाही, लाल डोळे नाहीत. आदल्या संध्याकाळी त्या रडल्या होत्या तेही खोटं नव्हतं.

नवऱ्यानं बरणी बघितली, माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता ट्रंक उघडली. फोटो काढून धोतराच्या टोकानं पुसला आणि खिळा ठोकला. "आता लपवायचं राहिलं काय?" म्हणाला. मला भीती वाटत होती, ठोकल्याचा आवाज बंगल्यात जाईल म्हणून.

चुलत जाऊबाई काही आल्या नाहीत. पंधरा दिवसांनी दुसरी स्वयंपाकीण आली. तिची भांडी मी घासायचे. रविवारी मागच्या ओट्यावरून सिनेमाचा नुसता आवाज ऐकू यायचा.

लोणचं आम्ही वर्षभर खाल्लं. मुरल्यावर फार छान लागलं.