काकांचं माप

टोकियोत फुनाबोरीपासून हिगाशी-कसाईपर्यंत कुठल्याही मराठी घरात नवा टीव्ही आला की व्हॉट्सॲपवर एकच नंबर फिरतो, सबनीसकाकांचा. गुरुनाथ सबनीस, वय त्रेसष्ट. तीस वर्षांपूर्वी पुण्याहून प्रोग्रॅमर म्हणून आले. बावन्नाव्या वर्षी कंपनीने कमरेत वाकून, अत्यंत आदराने त्यांना घरी बसवलं. पण घरी बसतील तर ते सबनीसकाका कसले! त्यांनी ड्रिल घेतलं, पाने घेतले आणि लोकांचे टीव्ही लावायला सुरुवात केली.

त्यांची पद्धत जगावेगळी. आल्याआल्या ते भिंतीकडे ढुंकूनही बघत नाहीत. "बसा," म्हणतात. "सगळे बसा. रोज बसता तसे. पाहुण्यांसमोर बसता तसे नको." मग नवरा सोफ्यावर पसरतो, बायको पाय पोटाशी घेते, पोरं जमिनीवर लोळतात आणि काका टेप घेऊन एकेकाशेजारी गुडघा टेकतात. जमिनीपासून डोळ्यापर्यंत किती सेंटीमीटर, ते मोजून वहीत लिहितात. पडद्याचा मध्य डोळ्याच्या रेषेत, फार तर वीतभर वर. त्याच्यावर गेला तर मान वर धरून धरून महिन्याभरात माणूस डॉक्टरकडे जातो, असं त्यांचं ठाम मत. कुणी हौसेने "हॉटेलातल्यासारखा उंच लावा ना काका" म्हणालं की त्यांचा पारा चढतो.

वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ आहे. "शुभदा, जमिनीवर, ७०." शुभदाकाकू खाली मांडी घालून भाजी निवडत मालिका बघायच्या. म्हणून फुनाबोरीच्या त्या दीड खोलीत टीव्ही इतका खाली आहे की नवा माणूस हसतो. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या, टीव्ही तिथेच राहिला. काकांचे गुडघे दुखतात, तरी ते कुरकुरत जमिनीवरच बसतात. पडदा वर सरकवायला दहा मिनिटं लागली नसती. लोकांच्या माना सांभाळणाऱ्या माणसाने स्वतःच्या गुडघ्यांशी असा उभा दावा मांडला होता, आता काय बोलावं!

ऑक्टोबरात घरमालकाचं पत्र आलं. इमारत पाडायची आहे, मार्चअखेर घर रिकामं करावं. काका तीन एजंटांकडे जाऊन आले. तिघांनी गरम चहा पुढे केला आणि तिघांनी तोच प्रश्न विचारला, "एकटेच राहणार का?" हो म्हटल्यावर तिघांच्याही फायली हळूच मिटल्या. म्हातारा, त्यातून एकटा, त्यातून परदेशी. उद्या खोलीत काही झालं तर कळणार कुणाला, ही भीती कुणी बोलून दाखवली नाही. काकांना ती कळली, कारण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांनाही तीच वाटायची.

हे त्यांनी मुलीला सांगितलं नव्हतं. मुलगी अवंतिका चार वर्षांची असताना इथे आली आणि इथलीच झाली. नवरा ताकुया जपानी, सज्जन माणूस. मुलगी ओवी सहा वर्षांची. त्यांनी उरायासुला एक जुनं घर विकत घेतलं, तेव्हा अवंतिका फोनवर म्हणाली होती, "घर मोठं आहे बाबा, एक खोली जास्तीची आहे." बस्स, तेवढंच. काकांनी ते वाक्य चार महिने उराशी धरलं. आपण होऊन विषय काढायचा नाही, तिने "या" म्हटलं की जायचं. माणसाने तोंड उघडून सांगावं की नाही? पण छे! ताठा मोडला असता ना!

फेब्रुवारीत एका रविवारी अवंतिकाने टीव्ही लावायला बोलावलं, तेव्हा काकांना वाटलं, टीव्ही हे निमित्त. त्यांनी नीट दाढी केली, चिवडा घेतला आणि नवे मोजे घातले, कारण इथे माणसाची पहिली परीक्षा दारात बूट काढताना होते.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि ते थबकले. समोर विटांची फायरप्लेस. आधीच्या मालकाने कुठल्याशा परदेश दौऱ्याहून आल्यावर हौसेने बांधलेली. आत आता लाकडाऐवजी विजेचा हीटर होता, पण वरची फळी होती तशीच, जाडजूड, काकांच्या छातीपर्यंत येणारी.

"टीव्ही इथे वर," अवंतिका म्हणाली. "मी फोटो पाहिलाय बाबा, एकदम मस्त दिसतं."

"अगं, दिसतं मस्त. बघायला नाही. बाजूची भिंत रिकामी आहे की."

"तिथे बुकशेल्फ येणार आहे. प्लीज बाबा, इथेच."

काकांचा पारा चढायला हवा होता. दुसऱ्या कुणाच्या घरी त्यांनी पेटी उचलली असती. पण आज त्यांना कुणाशी वाकडं घ्यायचं नव्हतं. हीटर चालू करून त्यांनी फळीच्या वर बराच वेळ हात धरला, झळ फार लागत नाही याची खात्री केली आणि टेप काढला.

"बसा," ते म्हणाले. "सगळे बसा."

ताकुया सोफ्यावर ताठ बसला, एकशे अकरा. अवंतिका टेकून बसली, एकशे चार. ओवी फायरप्लेससमोर उशी टाकून खाली बसली, अगदी आजीसारखी मांडी घालून. पंचावन्न. ते माप लिहिताना काकांना क्षणभर अक्षर दिसेना.

"मिन्ना सुवात्ता," अवंतिका म्हणाली. सगळे बसले.

ओवीने मान वळवली. टेप हातात घेऊन उभ्या असलेल्या काकांकडे बोट करून तिने विचारलं, "जीजी वा?" जीजी म्हणजे आजोबा. आजोबांचं काय?

"जीजीचं नको गं," अवंतिका हसली. "जीजीला घरी जायचंय."

किती सहज म्हणाली! त्यात वाईट असं काही नव्हतंच. काका "हो, हो" म्हणाले आणि पेन्सिल कानामागे खोचून भिंतीकडे वळले. पण ते वाक्य त्यांना लागायचं तिथे लागलं.

घर स्वतःचं, म्हणजे भोकं पाडायला कुणाला विचारायला नको. तीस वर्षांत काकांनी या देशात स्वतःसाठी एक खिळा ठोकला नव्हता. भाड्याच्या घरात टीव्ही जमीन आणि छत यांच्यात घट्ट बसवलेल्या खांबांवर टांगायचा, निघताना खांब काढायचे आणि भिंत होती तशी परत करायची. इथे विटेत ड्रिल घुसलं तेव्हा लाल भुकटी त्यांच्या नव्या मोज्यांवर पडली. सोफ्यावर आता खोकी होती, तेव्हा अवंतिकाने चहा फळीवरच ठेवला. काकांनी तो उभ्यानेच घेतला.

मधे स्क्रू आणायला ते आतल्या बाजूला गेले, तेव्हा जास्तीची खोली दिसली. टेबल, दोन मॉनिटर, ताकुयाची फिरती खुर्ची. "घरून काम असतं ना त्याला," अवंतिका मागून म्हणाली. काका म्हणाले, "छान आहे. उजेड छान आहे."

टीव्ही लागला. मध्य जमिनीपासून एकशे साठवर. पडदा पुढे झुकणाऱ्या ब्रॅकेटवर घेऊन त्यांनी सोफ्यावरच्यांची मान जमेल तेवढी वाचवली, पण खाली बसणाऱ्या ओवीला थेट वर बघायला लागणार होतं. दोन पावलं मागे सरकून काकांनी पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की पडद्याचा मध्य बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. या घरात तो टीव्ही उभ्याउभ्या येऊन जाणाऱ्या माणसालाच सोयीचा होता.

"बाबा, तुम्हाला उशीर होत असेल," अवंतिका म्हणाली.

मार्चचं सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. शब्द ओठांपर्यंत आले होते. काकांनी ते गिळले आणि बुटात पाय घातले. "येतो हं," ते म्हणाले. ओवीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाले.

बसथांबा कोपऱ्यावरच होता. समुद्राकडून बोचरं वारं येत होतं. रविवारची संध्याकाळ, रांगेत कुणी नाही. काकांनी सवयीने खिसा चाचपला. टेप नव्हता. तो मघाशी ओवीने खेळायला घेतला होता, तिच्याच हातात राहिला. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, ओवीला तुम्ही काय सांगितलंत?" अवंतिका चिडली होती. "ती त्या फायरप्लेससमोरून हलत नाहीये. शेजारी दुसरी उशी मांडलीये. म्हणते, जीजी येतो म्हणाले. टेप घेऊन बसलीये, जीजीचं माप राहिलंय म्हणे."

काकांच्या ध्यानात सगळा घोळ आला. ओवीचं मराठी मुख्यतः ये आणि जा या दोन शब्दांवर चालायचं. जेवायला ये. हात धुवायला जा. येतो म्हणजे येतो, हे तिला पक्कं ठाऊक. निघणारा माणूस "येतो" म्हणतो आणि निघून जातो, "जातो" म्हणणं अशुभ मानतात, हे तिला कुणी कधी शिकवलं असणार?

"बाबा, तुम्ही खरंच परत येणार होता का?" अवंतिकाचा आवाज जरा उतरला.

घ्या! दार समोर उघडं होतं. एक "हो" म्हणायचं, बस्स. आणि हा शहाणा माणूस काय म्हणाला?

"नाही गं. म्हणायची पद्धत असते ना ती."

"हं," अवंतिका म्हणाली. तिने ओवीला हाक मारली. मग म्हणाली, "तिला तुम्हीच समजावा."

फोनवर ओवीचा श्वास ऐकू आला. काकांनी घसा साफ केला. "ओवी, बाळा, मराठीत ना, येतो म्हणजे जातो."

"हेन नो," ओवी म्हणाली. विचित्रच आहे. मग ती विचारात पडली. सहा वर्षांच्या मुलाला एकदा नियम कळला की ते तो शेवटपर्यंत नेतं. "येतो म्हणजे जातो," तिने पाठ केल्यासारखं म्हटलं, आणि तिला मार्ग सापडला. ती आनंदाने ओरडली, "जीजी, जा! हायाकु! जा!"

लवकर जा, असं ती म्हणत होती. म्हणजे लवकर ये.

काकांचे डोळे भरून आले. शुभदाकाकू गेल्यापासून कुणी त्यांना इतक्या तातडीने बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं ते "जा" म्हणून. वळणावर बसचे दिवे दिसले. आत्ता माघारी जावं, पण तोंडाने नुकतंच नाही म्हणून झालं होतं आणि ताठा काही एका हाकेत मोडत नाही. पण उद्या टीव्ही खाली घ्यायला म्हणून जाता येणार होतं. बुकशेल्फ गेलं खड्ड्यात, पोरीची मान महत्त्वाची. आधी त्या उशीवर बसायचं, कुणी बसा म्हणो न म्हणो, माप द्यायचं, आणि मग अवंतिकाला मार्चचं सांगायचं. ती काय म्हणेल, ते त्यांना माहीत नव्हतं.

बस थांबली, दार उघडलं.

"ओवी," काका म्हणाले, आणि जन्मात कधी निघताना न उच्चारलेला शब्द त्यांनी उच्चारला, "उद्या जातो हं."

"उन!" ओवी म्हणाली. हो. तिला बरोबर कळलं होतं.