आबांनी न पाहिलेली आकृती

रेश्मा गेल्याचं मला तिच्या वडिलांनी कळवलं. आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. फोनवर पाल्हाळ लावायची त्यांना सवय नाही. "पोरी, रेश्मा गेली. रहिमतपूरला ये," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी सांगलीत घरी मेथी निवडत बसले होते, ती तशीच राहिली... आता महिना होत आला. "सुटली बिचारी," असं या महिन्याभरात मला कितीतरी जणांनी ऐकवलं आणि दर वेळी माझ्या डोक्यात तिडीक गेली. रेश्माला सुटायचं नव्हतं. तिला जगायची दांडगी हौस होती. आणि बिचारी तर ती कधीच नव्हती.

आमची गाठ आडनावांनी घालून दिली. सांगलीतल्या एका ख्रिस्ती कॉलेजात आम्ही बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं होतं. प्रॅक्टिकलची टेबलं हजेरीच्या क्रमानं वाटली जायची आणि तिचा नंबर माझ्या मागचा, म्हणून दोघींत एक मायक्रोस्कोप. मी कुंडलच्या ऊसवाल्या घरातली, मुलखाची अबोल. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "काय गड्या, तोंड शिवून आणलंयस व्हय?" पोरींनासुद्धा ती गड्याच म्हणायची. घरी येणाऱ्या आबांच्या फौजी दोस्तांकडून उचललेली सवय ती.

आमचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता आणि खाली, जिन्याच्या शेजारी, चॅपेल. रेश्मा रोज वर जायच्या आधी चॅपेलच्या शेवटच्या बाकड्यावर डोळे मिटून बसायची. विभागप्रमुख सिस्टर ॲग्नेस यांना या पोरीचं कोण कौतुक! "हिच्याकडून काहीतरी शिका," असं आम्हाला येता-जाता ऐकवायच्या. ही आता सिस्टर होऊनच रहिमतपूरला जाणार, म्हणून हॉस्टेलच्या पोरी चिडवायच्या आणि ती हसून सोडून द्यायची. ती तिथे नुसती दम खात असायची, हे मला पहिलं वर्ष सरत आलं तेव्हा कळलं. तिच्या हृदयातल्या मधल्या पडद्याला जन्मापासून मोठं छिद्र होतं. ते लक्षात येईपर्यंत फुप्फुसं बिघडली होती आणि ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. "कुणाजवळ बोलायचं न्हाई," तिनं मला बजावलं. "कळलं की लोकांचं सुरू हुतंय, हिला बसवा, हिला झोपवा. मला शिकायचं हाय गड्या. माझ्या छातीत काय चाललंय ते माझं मला कळाय पायजे."

दुसऱ्या वर्षी अंड्यांचं प्रॅक्टिकल आलं. दुकानातल्या अंड्यांतून पिल्लं होत नाहीत, म्हणून आम्ही आपापल्या गावाहून गावठी कोंबडीची अंडी आणली. ती उबवायला ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी कवचाला छोटी खिडकी पाडून आत बघायचं. त्या दिवशी सिस्टरची नजर रेश्माच्या गडद नेलपेंटवर पडली. "प्रॅक्टिकलला हे चालणार नाही," म्हणत त्यांनी ॲसिटोनचा बोळा तिच्यापुढे ठेवला. रेश्मानं माझ्याकडे पाहिलं, मी टेबलाकडे. एकेक नख पुसलं गेलं आणि खालून निळी पडलेली नखं दिसायला लागली. सिस्टरनी तिचा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडलाच नाही. मग सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "म्हणजे तू प्रार्थना करत नव्हतीस?"

"न्हाई सिस्टर," रेश्मा म्हणाली. "पण बाकडं लय चांगलं हाय."

त्यानंतर आम्ही अंडं उघडलं. पिवळ्या बलकावर एक लाल ठिपका लुकलुकत होता. हृदय आधी धडधडायला लागतं आणि कप्पे मागाहून पडतात, सिस्टर सांगत होत्या; ही अजून नुसती वाकडी नळी आहे, मधला पडदा यायचाय. रेश्मा वाकून कितीतरी वेळ बघत होती. "म्हंजे माझं हितनं फुडं कुठंतरी ऱ्हायलं," ती म्हणाली. आवाजात दुःख नव्हतं. हरवलेली किल्ली कुठे ठेवली होती ते आठवावं, तशी ती खूश होती.

सिस्टरना घरी कळवणं भागच होतं. दुखणं घरी ठाऊक होतं, पण पोरगी रोज तिसऱ्या मजल्यावर चढते, हे नव्हतं. आबा दुसऱ्या दिवशी आले ते तिची ट्रंक न्यायच्या तयारीनंच. "डिग्रीपरास पोरगी मोठी हाय," ते सिस्टरना म्हणाले. रेश्मानं आपण काढलेली हृदयाची आकृती त्यांच्यापुढे धरली. "आबा, एकदा बघा तरी. काय झालंय ते मी सांगते." आबांनी तोंड फिरवलं. "ते मला दावू नगं!" ते ओरडले, ते अख्ख्या मजल्यानं ऐकलं. रेश्माही त्यांचीच लेक. "घरी बसून भोक बुजणार हाय का?" तिनं विचारलं. शेवटी सिस्टरनीच तोड काढली. बाकीचे तास खालच्या वर्गात होतील, आणि प्रॅक्टिकलला जाताना मी तिच्या मागून जिना चढायचा. रेश्माला ते मुळीच पटलं नव्हतं. "मी काय म्हस हाय का मागनं हाकाय?" पण डिग्री मिळेपर्यंत मी तिच्या मागून चढले, प्रत्येक वळणावर थांबत आणि तिच्या शिव्या खात.

ती फर्स्ट क्लासमध्ये पास झाली, साताऱ्यात एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली आणि डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त जगली. सुट्टीत गावी गेली की आबांना ती आकृती समजावून सांगायला बसायची, आणि आबा उठून गोठ्यात जायचे. "एवढी पोरं शिकवली, एक म्हातारा शिकंना," फोनवर म्हणायची. हसत म्हणायची, पण ते तिच्या मनाला लागलं होतं. आपल्या माणसानं आपल्या दुखण्याकडे एकदा नीट बघावं, एवढंच तिला हवं होतं. मला आबांचा राग यायचा.

दिवसकार्य उरकल्यावर पाहुणे पांगले आणि मी तिच्या खोलीत जाऊन बसले. पलंगावर तिच्या साड्यांची चळत तशीच होती, खिडकीत औषधांचा डबा. थोड्या वेळानं आबा आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"पोरी, ती मला दावायची ते तुला काढता येतंय का?"

मी काढलं. चार कप्पे, मधला पडदा, पडद्यात राहिलेली जागा. ते बघत राहिले.

"हे कवा झालं?"

"आईच्या पोटात, आबा. पडदा तयार होतानाच तेवढा भाग राहिला."

"जल्मायच्या आदी?"

"व्हय."

आबांनी चष्मा काढला. मग खाली बघत म्हणाले, "मी रजंवर आलतो. चार म्हैन्याची हुती. वर उडवून झेलत हुतो... एकदा हातातनं निसटली. हितं, छातीवर आपटली. तिच्या आईलाबी सांगितलं न्हाई मी. मला वाटलं..."

मला रडू आवरेना. इतकी वर्षं हा माणूस गोठ्यात जाऊन काय करत असेल, ते मला त्या क्षणी कळलं. एकदा, फक्त एकदा त्यांनी ऐकून घेतलं असतं, तर रेश्मानंच त्यांना मोकळं केलं असतं. मी म्हटलं, "आबा, पडल्यानं असं होत नाही. तुम्ही तिला पहिल्यांदा बघितलंत, तेव्हा हे झालेलंच होतं."

आबांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून ते बसले.

"पयल्यापासनं सांग," ते म्हणाले. "ती सांगायची तसं."